गाडी विकलेली नाही

प्रिय ड्रायव्हरसाहेब,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. पाकीट हातात पडलं की ते फोडल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही, मग आत विजेचं बिल का असेना, हे मला ठाऊक आहे. आधी बातमी सांगते. गाडी विकलेली नाही. तुम्ही घरी निघून गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी गॅरेजवाला गिऱ्हाईक घेऊन आला होता. तो टायरला लाथा मारून बघत होता. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. तुम्ही बसच्या पायरीवरून "विकून टाक ती गाडी" म्हणालात, त्याला मी हो म्हटलंच नव्हतं. तुम्ही ऐकायला थांबला नाहीत, एवढंच.

मी आता वाळवंटात नाही. वाळवंट पार केलं, डोंगर ओलांडला आणि त्या बारमाही पावसाच्या जंगलाच्या तोंडाशी येऊन थांबले आहे. तेच जंगल, ज्याचा कॅलेंडरातून कापलेला फोटो तुम्ही डेपोतल्या लॉकरच्या दाराला आतून चिकटवला होता. गाडी इथवर कोणी आणली, असा प्रश्न पडला असेल. मी आणली. बसा आता डोक्याला हात लावून.

लायसन्स माझ्याकडे होतंच. तुम्हीच हट्टाने काढायला लावलं होतंत आणि नंतर एकदाही स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हतात. शिकवलं त्या टँकरवालीने. आठवते ना, वस्त्यांना पाणी पोचवणारी, जिने आपली गाडी वाळूतून ओढून काढली होती? भारी फटकळ बाई. मी पहिल्या दिवशी तिच्या टँकरचं नळकांडं वाकवलं तर म्हणाली, "मावशी, पाणी तसंही गळतच होतं, आता वाकडं गळेल." वाळूत चालवायची युक्ती तिने एका वाक्यात सांगितली. वाळूत ब्रेकला पाय लावायचा नाही, गाडीला वाटतं मुक्काम आला. एक अडचण मात्र तिला शेवटपर्यंत कळली नाही. गिअर टाकून मी नुसती बसून राहायची, गाडी काही हलवायची नाही. कंडक्टरकीत जन्म गेला दोन बेल देण्यात. दोन वाजल्याशिवाय चाक फिरतं हे माझ्या अंगाला पटेचना. शेवटी स्वतःच टपावर दोनदा ठोकायची आणि निघायची. टँकरवाली हसून हसून खाली बसली.

आपला संसारही तसाच झाला, नाही का? तुम्ही पुढे, मी मागे आणि मध्ये बसभर उतारू. तुमचं तोंड मला आरशातच जास्त दिसलं. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, याखेरीज ड्यूटीवर आपलं बोलणं ते काय. म्हणून निवृत्तीनंतर घेतलेल्या या गाडीचं एवढं अप्रूप होतं मला. तुम्ही फळ्यांना रंधा मारून पलंग बसवलात, मी पडदे शिवले, तुम्ही म्हणालात की हे पडदे आहेत की परकर. बेल मात्र इथेही सुटली नाही, मी मागून टपावर ठोकून द्यायची. वाळवंटात पहिला आठवडा तुम्ही किती बोललात. गाडीच्या सावलीत दोन खुर्च्या टाकून बसायचो. पावात वाळू, कानात वाळू, अंथरुणात वाळू, आणि तुम्ही आपले लहानपणच्या गोष्टी सांगत सुटलेले. तुम्हाला पोहता येतं हे मला तिथे कळलं, जिथे पाण्याचा थेंब नाही. मी इतकी सुखात होते की भीती वाटायची.

मग तुम्ही चहा अर्धाच कप मागायला लागलात. बटणांचे शर्ट बॅगेत तळाला गेले आणि डोक्यावरून घालायचे टी-शर्ट वर आले. पंपावर सही करायची वेळ आली की तुम्हाला टायरची हवा बघायची आठवण व्हायची. मी काही विचारलं नाही. वाटलं, सांगतील.

त्या दिवसाबद्दल मात्र स्पष्ट लिहिते. तुम्ही सडकेवरून वाळूत उतरलात, ब्रेक दाबलात आणि पुढची चाकं आत गेली. गेली तर गेली, वाळू आहे. पण तुम्ही उतरून टँकरवालीसमोर म्हणालात, "हिने एकच बेल दिली." मी? पाय सुजेपर्यंत उभी राहून बेल दिली आयुष्यभर, कधी चुकले नाही, आणि रिकाम्या वाळवंटात चुकेन? नाचता येईना अंगण वाकडं. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्यावर कधी ठपका ठेवला नव्हता. डेपोमॅनेजरसमोर माझी चूक स्वतःच्या अंगावर घेणारा माणूस तुम्ही. त्या रात्री मी पाठ फिरवून झोपले आणि सकाळी तुम्ही बस पकडलीत. गाडी अडकली याचा मला राग नाही. मला तिथे टाकून तुम्ही बसमध्ये चढलात, तेही खिडकीशी न बसता, याचा आहे. तो राग अजून आहे. पत्र गोड वाटलं तर विसरू नका.

आता इथलं सांगते. इथे कपडे वाळत नाहीत. परकरछाप पडद्यांना बुरशी आली आहे. पाऊस थांबला तरी झाडं गळत राहतात, आणि इतका हिरवा रंग डोळ्यांना सोसत नाही, वाळवंटातून आल्यावर तर नाहीच. कालच पायाला जळू लागली, मी किंचाळले, नाक्यावरच्या पहारेकऱ्याने मीठ आणून दिलं. तो पहारेकरी भला आहे पण नियमाचा पक्का. म्हणतो, आत रस्ता म्हणजे नुसता तांबडा चिखल आणि जागोजागी ओहोळ, एकट्या माणसाला गाडी घेऊन सोडणार नाही. एकाने चालवायची, दुसऱ्याने उतरून पुढे चालायचं आणि जमीन कुठे घट्ट आहे ते दाखवायचं. मी त्याला म्हटलं, माणूस येईल. टँकरवाली यायला तयार आहे, रजाही मिळेल म्हणते. तिला अजून हो म्हटलेलं नाही.

लेकीचा फोन आला होता. म्हणाली, बाबा आमच्याबरोबर जेवायला बसत नाहीत, ताट खोलीत नेतात, हात सारखा खिशात. म्हणून आता लिहितेच. तुमचा उजवा हात थरथरतो. मला वाळवंटाच्या आधीपासून माहीत आहे. आयुष्यभर आरशात तुम्हाला बघत आले, मला कळणार नाही? त्या दिवशी स्टिअरिंग हातातून निसटलं म्हणून तुम्ही घाबरून ब्रेक दाबलात, हेही मी पाहिलं. ज्या हाताने कधी एका उतारूला धक्का लागू दिला नाही, तो असा वागला याची लाज तुम्हाला किती वाटली असेल, मला समजतं. परत आल्यावर डॉक्टरकडे जाऊ, दोघं जाऊ. पण आधी जंगल. ते तुमचं होतं, आता माझंही आहे, आणि मी ते बघणार. या शनिवारच्या बसला मी नाक्यावर उभी असेन. तुम्ही उतरला नाहीत तर टँकरवालीला घेऊन आत जाईन आणि प्रत्येक वळणावर तुमच्या नावाने बोटं मोडेन. मला ड्रायव्हर नको आहे, तो मी आहे. मला पुढे चालून रस्ता दाखवणारा माणूस हवा आहे, आणि रस्ता तुमच्याइतका कुणाला कळतो? हात थरथरला तर थरथरू दे. तो डावीकडे म्हणतोय की उजवीकडे, एवढं मला कळतं.

तुमचीच,
गाडीत बसलेली