सभेला मी हजर होते म्हणे

१४ ऑगस्ट, बरका (ओमान)

रखमाबाईचा व्हॉइस मेसेज. आमच्या गावच्या मंडईत भाजी विकते ती. ऐकताना कणीक हातातच राहिली. "बाय, तू सभेत होतीस ना? मग आमच्या मुतारीच्या जागेवर गाळे बांधायला हो कशी म्हणालीस? दिवसभर आम्ही पाणी पीत नाही, तुला ठाऊक हाय ना?"

मी सभेत? मी फेब्रुवारीपासून ओमानात आहे! हे इथल्या गोदामात शिडीवरून पडले, मांडीत सळई घातली, तेव्हा आले ती इथेच. नगरसेविका होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. मंडईतल्या बायकांना स्वच्छतागृह — एवढं एकच वचन देऊन मतं मागितली. तेही देवापुढे नारळ ठेवून.

१५ ऑगस्ट

जप करताना मध्येच थांबले, कुठवर आला कळेना.

माझ्या मागे नगरपरिषदेचं सगळं दीरच बघतात, त्यांना फोन केला. प्रताप भाऊजी, माझा रजेचा अर्ज सभेपुढे ठेवलात ना? हसले. "वहिनी, तो ठेवला असता तर विरोधकांनी बोंब मारली असती, बाई दुबईला पळाली म्हणून."

ओमान, म्हटलं.

"तेच ते. सहा महिने रजेशिवाय सभेला आलं नाही की पद जातं, कायदाच आहे. म्हणून जुलैच्या सभेला तुमची सही मी ठोकली. जागा वाचवली तुमची. आल्यावर चहा पाजा."

आणि गाळे?

"सात जण नसले तर सभाच होत नाही. सातव्या तुम्ही. एक गाळा आपल्यालाच मिळतोय, दादाला सांगा."

१६ ऑगस्ट

फोनवर भाऊजींचं अंगठ्याचं चित्र आलं, सोबत चहाच्या कपाचं. फोन पालथा ठेवला.

१७ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

मस्कतच्या महादेवाला जायचं मनात होतं. टॅक्सीचा आकडा ऐकला आणि घरातच पिंडीवर पाणी घातलं. हात जोडले. त्याच्यापुढे तरी काय सांगू, हजर की गैरहजर?

निवडून आल्यावर नगरपरिषदेच्या कायद्याचं पुस्तक मिळालं होतं. भाऊजी म्हणाले होते, माळ्यावर टाका. मी बॅगेत घालून आणलं. मॅट्रिकच झालेय, पण वाचता येतं. दुपारभर तेच वाचत येरझाऱ्या घातल्या. खरं सांगितलं तर सातवी सही जाते, मग ती सभाच सभा राहत नाही, गाळेही जातात. पण माझेही सहा महिने उलटलेत. पद जाणार. गप्प बसले तर पद राहील, आणि रखमाबाई तशीच तहानलेली.

१८ ऑगस्ट

ह्यांना सांगितलं. पाय उशीवर, नजर छताकडे. "खलास. आता उकरत बसू नकोस. मला कामावर परत घेतील की नाही ठाऊक नाही. गाळ्याचं भाडं आलं तर —"

तुमचा भाऊ माझ्या नावाने बायकांची जागा देऊन बसलाय, म्हटलं.

"तू निवडून आलीस ती त्याच्याच जोरावर."

खरं आहे. पोस्टरवर त्यांचा फोटो माझ्यापेक्षा मोठा होता.

घासलेली भांडी पुन्हा घासली.

२० ऑगस्ट

मुख्याधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. त्या सभेला मी नव्हते, सही माझी नाही. भाऊजींचं नाव घातलं नाही. विचारलं तर सांगेन. फोनवरून पाठवायचं होतं, पण बोट पुढे होईना.

हे बघत होते. म्हणाले, "नुसत्या पत्रावर कोण विश्वास ठेवणार? पासपोर्ट आण." शिक्क्याचं पान त्यांनीच उघडून धरलं. मी फोटो काढला, पाठवला.

रात्री आमटी खारट झाली होती. ह्यांनी पुन्हा वाढून घेतली.

११ ऑक्टोबर

जिल्हाधिकाऱ्यांचं पत्र. गाळ्यांचा ठराव रद्द. माझं पद रिक्त.

संध्याकाळी रखमाबाईचा मेसेज — "बाय, तुझ्या जागेवर मी उभी राहते. पहिला कागद कंचा लागतो, सांग."