रौप्य म्हणजे दुसरी?

ईलिंग, लंडन, रविवार, ८ ऑक्टोबर २००६

माझ्या मीराने व्हायोलिन वाजवलेल्या सीडीला सिल्व्हर डिस्क मिळाली. दुपारी पुण्याला वडिलांना फोन लावला, स्पीकरवर. म्हटलं, “अप्पा, तुमच्या नातीला रौप्यपदक!”

“म्हणजे दुसरी आली. पहिली कोण?”

मीराला मराठी बेताचंच येतं, पण ‘दुसरी’ कळतं. ती उठून वर गेली.

“अहो, ही स्पर्धा नाही. ठरावीक संख्येने सीडी खपल्या की देतात.”

पदक! कुठून सुचला मला हा शब्द? नुसतं तबकडी म्हटलं असतं तर?

अप्पा वरमले. “बोलाव तिला.”

हाक मारली. वरून आवाज आला, “आजोबांना सांग, मी झोपला.”

एरवी ‘झोपले म्हण गं’ म्हणून लगेच टोकणारे अप्पा आज काहीच बोलले नाहीत.