शर्वीचा माड

सिद्धेश,

परसाचा तुझा नकाशा बघितला. विहीर मार्चमध्येच आटते, म्हणून बाथरूमचं पाणी केळींना, भांड्यांचं अळवाला, बाकी सगळीकडे खडी. हुशार आहेस. पण आपल्या शर्वीच्या बारशाला लावलेला माड कुठे आहे? त्या जागी तू टाकी दाखवली आहेस. पोर गेली म्हणून तिचं झाडही उपटायचं? मला एका शब्दाने विचारलं नाहीस.

मी इब्रामपूरला आईकडे जाते आहे. माशांचं हुमण फ्रिजमध्ये आहे, पाव डब्यात. टाकी दुसरीकडे हलव.

माड सुकतोय. तिला न्हाऊ घालायचो त्या बाहेरच्या न्हाणीचं पाणी त्याला जायचं, आता तिथे कोणीच जात नाही. मला जमत नाही. तू तरी रोज तिथे आंघोळ कर. दार लावून घे, आणि एकदा रडून घे.

सुविधा