साक्ष दिली आणि घरी आले

१८ जानेवारी २००४, रविवार

आज पुन्हा झालं.

आईने चादर ओली केली आणि वर "मी नाही केली" म्हणाली. खोलीत तिसरं कोणी नाही! मी तिचं मनगट धरलं. धरलं नाही, आवळलं. खरं लिही, शोभना, इथे कोण वाचतंय? आवळलं, गदागदा हलवलं, पलंगावर बसवलं — म्हणजे ढकललंच. "सोड गं, दुखतंय," एवढंच ती म्हणाली. मग मी चादर बदलली, तिला धुतलं, पावडर लावली, पेज भरवली. सगळं नीट केलं. नेहमी असंच होतं, आधी राक्षसीण आणि मागून नर्स.

आणि हॉस्पिटलात? तिथे मी देवमाणूस! कालच एका म्हाताऱ्याने माझ्या अंगावर सूपचा बाऊल फेकला. मी हसून म्हणाले, इट्स ओके स्वीटी. वॉर्डच्या भिंतीवर माझा फोटो लावलाय, खाली लिहिलंय की ही सर्वांत प्रेमळ नर्स. त्या भिंतीकडे बघायचं मी सोडून दिलंय.

२१ जानेवारी

मनगट निळं पडलंय. आईने आपणहून लांब बाह्यांचा स्वेटर घातला. घरात हीटर चालू असताना!

१ फेब्रुवारी, रविवार

आज चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर वाटून घ्यायचं. आपली मराठी ख्रिस्ती मंडळी इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरच्या एका चर्चमध्ये दुपारी जमते, गोऱ्यांची उपासना उरकली की. हॉल भाड्याचा, हार्मोनियम हेमचंद्रकाकांची, मागच्या टेबलावर कोणाच्या तरी घरचा चिवडा. काका इथे एका लॅबमधून रिटायर झाले, पण नगरच्या पाळकसाहेबांचा मुलगा, त्यामुळे उपासना तेच चालवतात.

आमच्याकडे नगरला प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ज्याचं ज्याच्याशी बिनसलंय त्याच्या घरी जाऊन "सलाम" म्हणायची पद्धत होती. सलाम म्हटला, चहा प्यायला, की झालं. न मिटवता भाकर घ्यायची नाही. बाबा एकदा बांधावरून भांडलेल्या चुलतभावाकडे सायकलने गेले होते, तेही तापात. इथे शनिवार किराणा आणि लाँड्रीचा. सलाम कोण कोणाला करणार? आणि ज्या माणसाशी बिनसलंय ते आपल्याच घरात राहत असेल तर काय करायचं?

भाकरीचं तबक आलं. मी तुकडा घेतला, आईला दिला, मीही खाल्ला. गिळता गिळेना. शेजारी बसलेल्या सरलाताईंनी पाठ चोळली. त्यांना वाटलं ठसका लागला.

११ फेब्रुवारी

रुचा आज म्हणाली, "मॉम, आजी स्टॉप्स टॉकिंग व्हेन युअर कार कम्स." पंधरा वर्षांची आहे, कॉम्प्युटरमधून डोकं वर काढत नाही, पण हे दिसलं तिला. मी म्हटलं, तू अभ्यास कर.

२५ फेब्रुवारी

लेंट सुरू झाला. ईस्टरपर्यंत चाळीस दिवस काहीतरी सोडायचं असतं. राग सोडता येत नाही म्हणून चहा सोडला. संध्याकाळपर्यंत रागही होता आणि डोकेदुखीही. माझा नवरा एकनाथ ट्रेनमधून उतरून घरात शिरला, माझं तोंड बघितलं आणि परत गाडीत जाऊन बसला. म्हणाला, "तू चहा पी, मी देवाला समजावतो." सगळ्यात विनोद शोधायचा याने! हसले मी, पण मनातून नाही.

प्रभू, मला हे नको आहे. मी ठरवून करत नाही. सकाळी ठरवते की आज नाही, आज काही झालं तरी नाही, आणि संध्याकाळी माझाच हात दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा पुढे जातो. याला गुलामी नाही तर काय म्हणायचं?

६ मार्च, शनिवार

सरलाताईंच्या घरी उपवास-प्रार्थना झाली. सगळ्या बायका कार्पेटवर गुडघ्यांवर. मी रडले! अशी रडले की सरलाताईंनी टिश्यूचा डबाच मांडीवर ठेवला. आतून काहीतरी सुटलं. घरी येताना सिग्नल लाल असले तरी चिडले नाही. आईला न मागता भजी तळून दिली. झालं! सुटले मी!

७ मार्च, रविवार

काकांनी विचारलं, "कोणाला साक्ष द्यायचीय?" आणि माझे पाय आपोआप उठले. माईकवर जाऊन सांगितलं की मी रागाच्या बंधनात होते आणि प्रभूने मला काल मोकळं केलं. राग म्हटलं फक्त. कोणावर, कसा, काय केलं, यातलं काही नाही. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत आई, पुढ्यात वॉकर. "आमेन" सगळ्यांत मोठ्याने तीच म्हणाली.

घरी आलो. आईने खराब झालेला परकर कपाटात रुचाच्या शाळेच्या बॅगमागे कोंबून ठेवला होता. सकाळपासून. मला वास आला. आणि मी तिच्या पाठीत धपाटा घातला. मोठा. आवाज झाला.

रुचा दारात उभी.

साक्ष दिली त्याच साडीत होते मी. ती साडीसुद्धा बदलली नव्हती!

८ मार्च

प्रार्थना होत नाही. कोणत्या तोंडाने करू?

१२ मार्च

काकांचा फोन. "तुझी साक्ष ऐकून मंडळी भारावून गेली गं. ईस्टरला तरुण मुलांसमोर पुन्हा देशील?" मी म्हटलं, "बघते, काका." नाही म्हणायला जीभ रेटली नाही. फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

१९ मार्च, शुक्रवार

पार्किंगमध्ये गाडीत बसून लिहितेय. आई मागच्या सीटवर झोपलीय.

आज तिची डॉक्टरांकडे नेहमीची तपासणी. मी नर्स, म्हणून दुभाषी मीच. औषधं, गुडघे, लघवी, सगळं भराभर सांगितलं. शेवटी डॉक्टरांनी कागदाकडे बघत विचारलं, "डझ शी फील सेफ ॲट होम?"

हा प्रश्न मी रोज विचारते. प्रत्येक म्हाताऱ्या पेशंटला! आणि विचारताना घरच्या माणसाला बाहेर पाठवते, नियमच आहे तो. डॉक्टर विसरले, किंवा माझा भरवसा धरला.

मी आईकडे वळले. "आई, ते विचारतायत, घरी तुला सुरक्षित वाटतं का?"

आईने उत्तर देण्याआधी माझ्या तोंडाकडे बघितलं. असं बघितलं, जसं आपण बाहेर पडताना आभाळाकडे बघतो. मग म्हणाली, "सांग, मी सुखात आहे."

मी म्हणाले, "शी सेज येस."

ते बघणं मला चांगलं ओळखता येतं. ते दिसलं की आम्ही नर्सा एकमेकींना खूण करतो.

२३ मार्च

काकांच्या घरी गेले. सगळं सांगितलं — मनगट, पाठ, परकर, साक्ष, सगळं. वाटलं होतं डोक्यावर हात ठेवतील, प्रार्थना करतील, मी रडेन आणि मोकळी होईन. काकांनी चष्मा काढून पुसला.

"हे कोणाकोणाला सांगितलंस?"

"देवाला."

"आणखी?"

"तुम्हाला."

"म्हणजे ज्यांचं मनगट निळं पडलं नाही, त्यांनाच."

मला राग आला! पाप कबूल करायला गेले आणि काकांचाच राग आला. मी म्हटलं, "प्रभू क्षमा करतो ना, काका? मग?" ते म्हणाले, "करतो. केलीय. वधस्तंभावरच केलीय. पण ती तुला लपायला दिलेली नाही, बाहेर यायला दिलीय. ज्याला क्षमा मिळाली त्याला उजेडाची भीती कशाला?" मग प्रार्थना केली, फार छोटी. काकूंनी चहा दिला. लेंट मोडून प्यायले.

२४ मार्च

एकनाथला सांगितलं. तो येरझाऱ्या घालायला लागला. "मला दिसत होतं थोडं थोडं," म्हणाला. दिसत होतं! मग म्हणाला, "पण डॉक्टरला सांगायचं? वेडी आहेस का? रिपोर्ट होतो यार इथे. लायसन्स जाईल तुझं. आपण घरीच मॅनेज करू, मी दोन दिवस वर्क फ्रॉम होम मागतो, बाई ठेवू." सगळं बरोबर बोलत होता. मला तेच ऐकायचं होतं. म्हणूनच त्याची भीती वाटली.

घरीच मॅनेज करू — हेच तर मी इतके दिवस करत होते.

२६ मार्च, शुक्रवार

सांगितलं.

आईला घेऊनच गेले. डॉक्टरांना म्हटलं, त्या दिवशी तुमचा प्रश्न मी विचारायला नको होता. तिला भीती आहे ती माझी. आय हर्ट हर. मोअर दॅन वन्स. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ओरडले नाहीत. म्हणाले, मला कळवावं लागेल. मी म्हटलं, मला माहीत आहे.

आईला इंग्रजी कळत नाही. पण माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिथेच, डॉक्टरांसमोर, मराठीत म्हटलं, "आई, मी तुला मारते ते मी यांना सांगितलं." तिने पदर तोंडाला लावला.

एक लिहून ठेवते, कोणाला पटो न पटो. शब्द तोंडातून बाहेर पडत होते तेव्हा मी एकटी नव्हते. कार्पेटवर रडताना जे वाटलं होतं ते गोड होतं. हे गोड नव्हतं. पण कोणीतरी शेजारी उभं होतं, आणि त्याला माझी लाज वाटत नव्हती.

३० मार्च

डॉक्टरांच्या रिपोर्टवरून काउंटीच्या सरकारी ऑफिसातली बाई येऊन गेली. तिने फोनवर मराठी दुभाषी लावून घेतली आणि मला बाहेर डेकवर पाठवलं. थंडी होती. काचेतून दिसत होतं. आई फोनकडे तोंड करून बोलत होती, हात हलवत, डोळे पुसत, पुन्हा बोलत. इतकं बोलताना मी तिला अमेरिकेत आल्यापासून पाहिलं नव्हतं.

तात्पुरती ती सरलाताईंकडे राहील. ती स्वतःच म्हणाली तसं. सामान भरताना मी तिचा स्वेटर घडी करून ठेवला, तर तिने तो बाहेर काढला. "हा नको," म्हणाली.

१ एप्रिल

मॅनेजरला मीच सांगितलं. उत्तर मिळालं, निर्णय होईपर्यंत वॉर्डवर यायचं नाही. भिंतीवरचा फोटो मी स्वतः काढून पर्समध्ये टाकला. कोणी अडवलं नाही.

४ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

माईकवर गेले. म्हटलं, मागच्या वेळची साक्ष खोटी होती. काय केलं ते सांगितलं, या वेळी आईच्या नावासकट. टाळ्या नाहीत. भाकरीचं तबक आलं तेव्हा मी न घेता तसंच पुढे दिलं. मागून कुजबुज ऐकू आली. येऊ दे. चिवड्याच्या टेबलावर मात्र माझ्या शेजारी कोणी उभं राहिलं नाही, एक सरलाताई सोडून.

११ एप्रिल, ईस्टर

सरलाताईंकडे गेले. आईसमोर खाली बसले आणि म्हटलं, "आई, क्षमा कर." वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, "केली, केली क्षमा, केली गं."

एवढ्या घाईने! सुई टोचायला गेलं की पेशंट "बरंय मला, बरंय" म्हणतात तसं. ही क्षमा नाही, ही भीतीच आहे. आज सगळी मंडळी "प्रभू उठला आहे" म्हणत होती आणि माझी आई माझ्यापासून पाय आखडून बसली होती. काका म्हणाले, "तुझी क्षमा एका क्षणात झाली. तिची भीती वर्षभर वाढलीय, तिला वेळ लागणार. तू फक्त जात राहा."

२ मे

राग आला! रुचाने कार ठोकली — शेजाऱ्याच्या मेलबॉक्सवर, लर्नर्स परमिट यायच्या आधी! हात वर गेला. मला तो दिसला. पहिल्यांदा वेळेत दिसला. गराजमध्ये जाऊन मोठ्याने म्हणाले, "प्रभू, मला राग आलाय, मला मारावंसं वाटतंय." फक्त वॉशिंग मशीन ऐकत होती. श्वास आला. परत आले. रुचा दारात थांबलेली. म्हणाली, "आर यू ओके?" मी म्हटलं, "नाही. पण मारणार नाही."

राग गेला नाही. माझा मालक होता, तो राहिला नाही. एवढंच झालंय, आणि हे एवढं माझ्याने कधी झालं नसतं.

९ मे

सरलाताईंकडे रोज जाते. आई गप्प. मी पाय चोळते, येते.

१६ मे, रविवार

आज उपमा करून नेला. आईने एक घास खाल्ला, थू केला, ताटली माझ्याकडे ढकलली आणि माझ्यावर ओरडली, "याला काय उपमा म्हणतात? पीठ आहे नुसतं! शोभे, कार्टे, एवढी वर्षं झाली, तुला रवा भाजता येत नाही?"

उपमा माझ्या साडीभर सांडला. सरलाताई धावत आल्या. आईने माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. ती पुढे ओरडतच राहिली.

मी तिथेच जमिनीवर बसून रडले. माझी आई मला घाबरत नाही.