काढ्यातली ब्रँडी

अपेक्षा,

किटलीतला काढा पिऊ नको गो, मोरीत ओत. त्यात ब्रँडी हाय. तुझा खोकला थांबत नव्हता म्हणून पंधरा दिवस रोज दोन चमचे मीच घालत होते. आपल्यात बाळंतिणीच्या काढ्यात घालतात, मला वाटलं पाचव्या महिन्यात दिली तर काय बिघडतंय?

आत्ता नळावर आरोग्य केंद्राची आशाताई भेटली. मी मोठ्या तोऱ्यात तिला सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, गरोदर बाईला दारू थेंबभरसुद्धा नाय चालत, ती बाळापर्यंत पोचते. तुला उठवायला आले, पण तोंडानं सांगायचा धीर होईना, म्हणून हे लिहून ठेवतेय.

पहिल्या एसटीनं महाडला जाऊन डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावते. तू तुझं गरोदरपणाचं कार्ड घेऊन दहाच्या गाडीनं ये. घाटात गाडी हलते, पुढं बस. दाखवायला बाटली मी पिशवीत घेतलीय.

आत गेल्यावर मीच बोलेन. तू एवढंच सांग, मला ठाऊक नव्हतं. ते काय खोटं नाय. तू दोनदा विचारलंस, आई, याला वास कसला येतो? मी म्हटलं, ओव्याचा.

आई