विजयदुर्गला उजवा कौल

२९ मार्च, रविवार

येत्या दोन मेला लग्नाला पंचवीस वर्षं होतात. हे मला कोणी सांगायची गरज पडली नाही. तेजस्वीने फक्त विचारलं, बाबा, दोन मेला काय आहे माहीत आहे का. त्यावरून मला आपोआप आठवलं. मुलगी कॉलेजात गेल्यापासून परीक्षा घेतल्यासारखी बोलते.

जानकीला विचारलं, तुला काय हवं. ती ओले काजू सोलत होती. वर न बघता म्हणाली, "माका कायएक नको. एक दिस दर्याकडे बसान आयता जेवचा आसा. दुसऱ्या कोणीतरी वाढलेला." जागाही तिनेच सांगितली, विजयदुर्ग. शाळेची सहल गेली तेव्हा तिला गोवर आला होता, ते तेव्हापासून राहिलंय. इथून दोन तासांवर. मीही किल्ला आतून बघितलेला नाही, पण मला त्याची माहिती आहे.

अपेक्षा फारच लहान. साधा माणूस असता तर पुढच्या रविवारी घेऊन गेला असता. पण मी कणकवलीत सरकारी ऑफिसात सीनियर क्लार्क आहे. प्लॅनिंग म्हणजे काय ते मला कळतं.

१ एप्रिल, बुधवार. ऑफिस

कॅलेंडर बघितलं. एक मे शुक्रवारी. शुक्र, शनि, रवि. उत्तम. पण महाराष्ट्र दिन आणि बुद्धपौर्णिमा दोन्ही त्याच दिवशी. एक सुट्टी सरळ बुडाली आणि यावर राज्यात कोणी काही बोलत नाही. साहेबांकडे विषय काढला. ते म्हणाले, चंद्राला पत्र लिहा, मी सही करतो.

फाइल उघडली. नाव 'मिशन विजयदुर्ग'. एसटीने जायचं. गाडी भाड्याने करणारे लोक प्रवास करत नाहीत, नुसते पोचतात. एसटीचं टाइमटेबल पाठ करायला घेतलं.

ठराव: गडावर दम लागू नये म्हणून उद्यापासून रोज पहाटे चालणे. आणि प्लॅन कोणाला सांगायचा नाही. विशेषतः मुंबईच्या नातेवाइकांना.

२ एप्रिल

चाललो नाही. बूट सापडले नाहीत. सापडले तोवर ऊन झालं.

५ एप्रिल, रविवार

डोंबिवलीहून थोरल्या बंधूंचा, भाईंचा, फोन. मी काही सांगितलं नाही. त्यांनीच विचारलं, यंदा मेमध्ये काय विशेष. सख्ख्या भावाशी खोटं बोलणं बरं दिसेना. ऐकून फक्त "बरा आसा" म्हणाले. मग विषय बदलून म्हणाले, रेल्वेची तिकिटं बघूक होयी. कोणाची ते मी विचारलं नाही. दुसऱ्याच्या खाजगी गोष्टीत मी नाक खुपसत नाही.

९ एप्रिल

विजयदुर्गला जेटीजवळ दोन ठिकाणी फोन केले. पहिल्या बाई म्हणाल्या, खोली समुद्राच्या तोंडावर, जेवण आमच्या घरचंच, बांगडा नाहीतर सुरमई, ताट वाढून देतो. दुसरीकडे किचन वापरायला मिळतं. गॅस त्यांचा, भांडी त्यांची.

दुसरं घेतलं. जानकीच्या हातच्या बांगड्याच्या तिखल्याला तोड नाही. असं असताना तिला परक्या बाईच्या हातचं खायला लावणं हा तिचा अपमान झाला असता. तिला तसं सांगितलं. ती पदराला हात पुसत आत गेली. भरून आलं असणार.

चालणं: आज अंगणात दोन फेऱ्या. एक कुत्र्यामुळे.

१२ एप्रिल, रविवार

देवळात कौल लावला. माझा तसा विश्वास नाही. पण वाडीत कोणी म्हैस विकायची म्हटली तरी देवाला विचारतात. मी तीन दिवसांचा दौरा परस्पर काढला तर ते शिस्तीत बसणार नाही.

भिकाजी गुरवाने गाऱ्हाणं घातलं. पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी प्रश्न कागदावर लिहून नेला होता. दिनांक एक मे ते तीन मे या कालावधीत, हवामान अनुकूल राहिल्यास, एसटी वेळेवर सुटल्यास, इत्यादी. पाकळ्या जागच्या हलेनात. भिकाजी म्हणाला, "अरे, देवाक अर्ज कित्याक वाचून दाखवतंस? काय ता एकच ईचार." मग सरळ विचारलं, विजयदुर्गची ट्रिप होणार का? उजवी पडली! आता वरून मंजुरी आहे.

जानकीनेही लावला. तिने मनातल्या मनात विचारलं. आधी डावी पडली. ती जरा वेळ हात जोडून उभी राहिली, मग पुन्हा विचारलं. उजवी पडली, तीही लगेच. बायकांना प्रश्न पहिल्या खेपेस नीट मांडता येत नाही. काय विचारलंस म्हटलं तर म्हणाली, "देवाक म्हायत आसा."

१९ एप्रिल, रविवार

भाईंचा फोन. सगळे येतायत. भाई, वहिनी, मुलगा कौस्तुभ, त्याची बायको रिया, त्यांची दोन पोरं, वहिनींची बहीण आणि बहिणीचे मिस्टर. भाई म्हणाले, "तू विजयदुर्गाक लग्नाचो वाढदिवस करतंस, नि आमी नाय इलो तर बरा दिसात काय रे, महादू?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. महादू म्हटलेलं मला आवडत नाही, तरी आलं.

जानकीला सांगितलं, चार माणसं असली की मजा येते, कामालाही हात मिळतात. तिने विचारलं, किती माणसं. मी म्हटलं, आपली माणसं मोजायची नसतात. तिने बोटांवर मोजली आणि तांदळाचा डबा उघडून बघितला.

२२ एप्रिल

जबाबदाऱ्या वाटून दिल्या. प्रवास मी. इतिहास मी. कॅश मी. शिस्त मी. किरकोळ जानकी. किरकोळमध्ये सध्या वड्याचं पीठ, मसाला, नारळ, सोलं, लोणचं आणि पोरांची अंथरुणं एवढंच आहे.

इतिहासाचा अभ्यास जोरात. तीन बाजूंना समुद्र, तिहेरी तटबंदी, पाण्याखाली लपवलेली भिंत, सूर्यग्रहण बघायला इंग्रजाने बांधलेले साहेबाचे कट्टे. आज जेवताना दोघींना पाण्याखालच्या भिंतीबद्दल समजावून सांगितलं. भिंत संपेपर्यंत आमटी गार झाली. जानकी उठून गरम करून आली. ऐकायची तिची तयारी दिसते.

चालणं सोमवारपासून.

२६ एप्रिल, रविवार

चाकरमानी दाखल. घर कसं भरलंय! भाई लोट्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीत, माझ्या आरामखुर्चीत. त्यांना तीच मानवते.

जानकी पहाटेपासून चुलीपुढे. वहिनींना फोडणीचा धूर सोसत नाही. रियाला घावणे उलटता येत नाहीत. वहिनींच्या बहिणीला पाठीचं आहे. कौस्तुभने बाजारातून मोठी सुरमई आणली आणि साफ करायला मोरीपाशी ठेवून आंघोळीला गेला. कामाचे हात अजून मोकळे झालेले नाहीत. प्रवासाचा शीण असतो.

२८ एप्रिल

तेजस्वीने मला मागच्या पडवीत गाठलं. म्हणाली, "बाबा, आयेक काय होया होता, आठावता?" म्हटलं, सगळं आठवतं. समुद्र. ती म्हणाली, "नि?" मी म्हटलं, विजयदुर्ग. ती आत गेली.

मग हीच वही उघडून मार्चमधलं वाचलं. 'आयता जेवचा आसा' असं स्वच्छ लिहिलंय. अक्षर माझंच. आतून मिक्सरचा आवाज येत होता, जानकी वाटप वाटत होती. वाईट वाटलं. खरंच वाटलं.

ठराव: उद्या भाईंना सांगायचं, आम्ही दोघं पुढे जातो, ताट वाढणाऱ्या बाईंकडे. तुम्ही मागून या नाहीतर येऊ नका. ठाम.

२९ एप्रिल

सकाळी भाई आंबा खात होते. आंबा खाणाऱ्या माणसाला असलं काही सांगू नये. दुपारी झोपले. संध्याकाळी गेलो तर त्यांनीच जवळ बसवून घेतलं, पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "आवशी-बापाशीमागे घर तूच सांभाळलंस रे." यावर कोणाची जीभ उचलेल? घर जानकीने सांभाळलं असं म्हणणार होतो, तेवढ्यात त्यांनी चहा मागितला.

उद्या सांगणार.

३० एप्रिल

सांगायची वेळच आली नाही. भाईच म्हणाले, "गडार काय आसा? धोंडेच मां? ह्या उनात पोरांका खंय भाजूक नेतंस?" सगळ्यांचं मत घेतलं गेलं. माझंही घेतलं, मी त्यांच्याशी सहमत होतो. वाढदिवस घरीच करायचा, एक दिवस आधी, उद्याच. कोंबडी-वडे. पोरांना नंतर कधीतरी तारकर्लीला नेऊ.

ट्रिप कॅन्सल नाही. पोस्टपोन. दोन्हीत फरक आहे.

जानकीला सांगायला गेलो. ती वड्याचं पीठ भिजवत होती. "बरा" म्हणाली. मला वाटलं होतं, काहीतरी बोलेल. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, विजयदुर्गाक सकाळची पैली एसटी कितीक? जीव भांड्यात पडला. सगळं पाठ म्हणून दाखवलं. कणकवली डेपो, तळेरे, पडेल कॅन्टीनचा थांबा, थेट विजयदुर्ग. ही चुकली तर पुढची कोणती, बसायचं कुठल्या बाजूला म्हणजे ऊन लागत नाही. ताट वाढणाऱ्या बाईंचा नंबरही मागितला, तोही दिला. तेजस्वी मोबाइलमध्ये लिहून घेत होती.

प्लॅन पुढे गेला तरी बायकोचा उत्साह टिकून आहे. माझा अभ्यास वाया गेला नाही.

१ मे, शुक्रवार. सकाळ

उठलो. चहा नाही. चूल थंड. जानकी देवळात गेली असेल म्हणून वाट बघितली. मग मोबाइल बघितला. तेजस्वीचा मेसेज: "आये नि मी विजयदुर्गाक चललंव. उद्या सांजेक येतलंव. वड्याचा पीठ टोपात आसा."

दोनदा वाचला.

भाई खुर्चीतून म्हणाले, "महादू, चाय खंय आसा रे?" मी सगळ्यांना शांतपणे सांगितलं की जानकी पाहणीसाठी पुढे गेली आहे. ऑफिसात कुठलंही काम काढायच्या आधी पाहणी होतेच. भाईंनी विचार केला. म्हणाले, "मगे वडे कोण करतलो?"

सगळे माझ्याकडे बघत होते. वहिनींनी धुराची आठवण करून दिली.

१ मे, दुपार

वडे फुगत नाहीत. पिठात दोष असावा. पण पीठ जानकीने भिजवलंय, त्यामुळे दोष नसावा. मनगटावर तेल उडालं. कोंबडीत मीठ मी घातलं, मग कौस्तुभनेही घातलं, मदत म्हणून. भाई म्हणाले, "हे वडे की चपलो?" तरी पाच खाल्ले. पोरांनी फरसाण खाल्लं.

सगळे उठल्यावर मी बसलो. टोपात रस्सा होता, फोड नव्हती. जानकी रोज शेवटी बसते हे मला माहीत आहे. शेवटी बसणाऱ्याला गरम काही मिळत नाही, हे माहीत नव्हतं.

१ मे, संध्याकाळ

तेजस्वीने फोटो पाठवलाय. जानकी ताटापुढे बसलीय. तळलेला बांगडा, भाकरी, सोलकढी. मागे समुद्र. कडेने कोणा बाईंचा हात आलाय, भात वाढतोय. जानकी पुरे म्हणत नाहीये. कॅमेऱ्याकडेही बघत नाहीये. जेवतेय.

फोन केला. विचारलं, साहेबाचे कट्टे बघितलेस का? म्हणाली, "नाय." मग इतका वेळ काय केलंस? "बसलंय." मी म्हटलं, पाण्याखालची भिंत आहे तिथे. ती म्हणाली, "आसात." मागे लाटांचा आवाज येत होता. ठेवते म्हणाली नाही, मीही ठेवला नाही. मग भाईंनी हाक मारली.

२ मे, शनिवार

आज लग्नाचा वाढदिवस. ठराव एकच, आणि हा मोडणार नाही. ती आली की पाटावर बसवायचं आणि ताट वाढायचं. माझ्या हातचं, गरम.

दुपारी बाजारातून बांगडे आणले. स्वतः साफ केले. रियाने मोबाइलवर कसे करायचे ते लावून दिलं. एक बाजू करपली, ती खाली ठेवली. भाईंना पहिल्यांदाच नाही म्हणालो. त्यांनी बांगडा मागितला होता. ते एवढे चकित झाले की खुर्चीतून उठले.

दिवेलागणीला दोघी आल्या. जानकीचा चेहरा उन्हाने लाल झालेला, केसांत वाळू. मी म्हटलं, हातपाय धू, बस. तिने ताट बघितलं, पाणी भरलेला तांब्या बघितला. माझ्या मनगटावरचा फोड बघितला. मग हळू म्हणाली, "पडेल कॅन्टीनाक जेवान इलंव आमी."

मी तसाच उभा होतो, हातात पळी. तिने ताट माझ्यासमोर सरकवलं. वाढलं काही नाही, पण समोर बसली. मी जेवलो. बांगड्यात मीठ नव्हतं. काल दोनदा पडलेलं, म्हणून आज घाबरून घातलंच नव्हतं.

जेवताना विचारलं, कौलाच्या दिवशी देवाला काय विचारलेलंस? म्हणाली, "पैला ईचारलंय, आमका दोघांका, ह्यांच्यावांगडा, जावक गावतला? डावो दिल्यान. मगे ईचारलंय, ह्यांका घराकडे ठेवन गेलंय तर? उजवो."

घास हातातच राहिला. म्हणजे देवाला बारा एप्रिललाच माहीत होतं. मलाही त्याने खोटं सांगितलं नाही. मी विचारलं होतं, ट्रिप होणार का. ट्रिप झाली. कोणाची, ते मी विचारलं नव्हतं.

लोट्यावरून भाईंनी विचारलं, सकाळी न्याहारीला काय. जानकी केसांतली वाळू झटकत आत गेली. मीच म्हणालो, घावणे.

आता आडवा झाल्यावर आठवलं, घावण्यांचे तांदूळ भिजत घालायचे राहिले. उठलो. अकरा माणसांना किती घालायचे ते विचारायला गेलो तर ती झोपली होती. उठवलं नाही. अंदाजाने घातले.