पॅनेलवरचा डबा

काका, मोटरचा वेग सांभाळणारी आताची ड्राइव्ह भिंतीवरच्या खोक्यात मावते आणि काय बिघडलं ते आकड्यात सांगते. सौसरच्या आपल्या सूतगिरणीतलं ते कपाटाएवढं पॅनेल तेच काम करायचं खरं, पण रुसलं की नुसतं बंद पडायचं. का, ते आपण शोधायचं.

तुम्ही मिस्त्री, मी पांढुर्ण्याहून येणारा नवा वायरमन, नोकरी अजून कच्ची. त्या थंडीत पॅनेल आतून तापून रोज जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर ट्रिप व्हायचं, आणि सुट्टी संपली की शहाण्यासारखं सुरू. मी पंखा तपासला, जोडण्या आवळल्या, आतलं सर्किटचं कार्ड बदललं. साहेब म्हणाले, कारण सापडत नसेल तर घरी बस. माझी झोपच उडाली. तुम्ही मात्र शांत. म्हणालात, "आता काई हात लावू नको. स्टूल घे अन् नुसता पाहत बस."

मी बसतो. सुट्टीला तासभर असताना मोहगावचे, लोधीखेड्याचे लोक एकेक करून येतात आणि भाकरी कोमट व्हावी म्हणून डबे पॅनेलच्या माथ्यावर ठेवतात. आतली गरम हवा बाहेर पडायची जाळी तिथंच. सुट्टी झाली की डबे उचलले जातात, मग पॅनेल उघडून सापडणार काय, कप्पाळ! मला नाचावंसं वाटलं. पण बाकीचे डबे कडेला होते. जाळीच्या मधोमध ऐसपैस बसलेला पितळी डबा तुमचा होता.

जाळीत रुई अडकली होती असं साहेबांना सांगू, मी हळूच सुचवलं. तुम्ही कधी नव्हे ते चिडलात. "खोटं कारण सांगशीन तं उद्या दुसरा कोणी थेच शोधत बसन." आणि सगळ्यांसमोर साहेबांना सांगून आलात, "डबा माहा होता." माझी नोकरी वाचली. तुमच्या वाट्याला मात्र थंड भाकरी आली, आणि मिस्त्रीनं मोटरला जेवू घातलं ही थट्टा. तुम्हीही हसायचात, पण कान लाल व्हायचे. ते मला बघवायचं नाही.

आता मी पोरांना हेच काम शिकवतो आणि ही गोष्ट दरवर्षी सांगतो. पोरं पोट धरून हसतात. काका, हा कागद तुमच्यापर्यंत पोचणार नाही तेच बरं, नाहीतर पुन्हा चिडाल. तुम्हाला कोणी हसलेलं मला अजून सोसत नाही. डबा माझा होता, असंच मी सांगत आलो आहे.